सुटीतला प्रवास आणि घरी आलेली नात

(ज्ञातिमंडळाच्या कोयनानगर येथील वार्षिक संमेलनात वाचलेले भाषण)



आम्हां उभयतांस परदेशप्रवासावर चार शब्द बोलावे अशी सूचना चिटणीसांनी केली. आम्हांस स्वतःला परदेशप्रवास फारसा घडलेला नाही. चिरंजीव व सूनबाई अमेरिकेत स्थायिक झाले, तिकडचे नागरिक झाले, त्यांच्याकडे आम्ही दोन वेळा जाऊन आलो, इतकेच. परंतु २०२३ च्या उन्हाळ्यात ते कुटुंब अडीच महिन्यांच्या सुटीवर इकडे आले. त्यांच्या थोरल्या मुलीचा जन्म तिकडचा. तिच्या लेखी परदेश तो आपला देश. त्या सुटीत कुटुंबापुढे एकच काम होते. संस्थेत वाढत असलेली चार वर्षांची एक मुलगी कायदेशीर रीतीने दत्तक घेऊन सोबत न्यावयाची होती. त्या प्रवासाविषयी आम्ही बोलणार आहोत. मंडळ यंदा कुटुंबसूची नव्याने छापणार असल्यामुळे हे बोलणे अप्रासंगिक होणार नाही.

दत्तक हा शब्द सातारा जिल्ह्यास नवा नाही. १८४८ साली शहाजीराजे ऊर्फ आप्पासाहेब महाराजांनी मृत्यूपूर्वी दत्तक घेतला. डलहौसीने तो अमान्य केला आणि साताऱ्याचे राज्य खालसा झाले. दत्तक नामंजूर करून संस्थान गिळण्याच्या त्याच्या धोरणाचा पहिला मोठा घास साताऱ्याचा. त्याच्याही आधीपासून पदच्युत प्रतापसिंह महाराजांची कैफियत घेऊन रंगो बापूजी विलायतेस गेलेले होते. साताऱ्याच्या गादीसाठी त्यांनी लंडनमध्ये सुमारे चौदा वर्षे दारे ठोठावली आणि ते रिकाम्या हातांनी परतले. सातारकरांनी समुद्र ओलांडून दत्तकाचा खटला भांडल्याची ही गोष्ट आम्ही शाळेत शिकलो. तेव्हा एक गोष्ट मात्र आमच्या ध्यानी आली नव्हती. त्या साऱ्या वादात गादी कोणाची, खजिना कोणाचा, वारस कोण, हेच प्रश्न होते. मुलाला घर मिळते की नाही, हा प्रश्न कोणीच विचारला नाही. तो काळच तसा होता. दत्तक घ्यावयाचा तो घराण्यासाठी आणि पिंडासाठी. सबब तो मुलगाच असावयाचा, आणि त्याला देणारे मायबाप हयात असावयाचे. ज्याला देणारेच कोणी नाही, असे टाकलेले मूल जुन्या शास्त्राप्रमाणे सामान्यतः दत्तक जाऊच शकत नसे. ज्याला घराची सर्वांत अधिक गरज, त्याच्याच तोंडावर दार बंद!

ते दार एकदम उघडले नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने मुलगीही दत्तक घेता येऊ लागली. दत्तहोम आवश्यक नाही, हेही त्याच कायद्यात लिहिले गेले. आमच्या काही मंडळींस हे अद्याप ठाऊक नसावे असे वाटते. १९६२ च्या दुरुस्तीने, ज्याचे मायबाप अज्ञात आहेत अशा मुलास न्यायालयाच्या परवानगीने पालक दत्तक देऊ शकेल, अशी वाट झाली. परदेशी दांपत्यांस हा कायदा लागू नव्हता. ती १८९० च्या पालकत्वाच्या कायद्याखाली मूल ताब्यात घेत आणि आपल्या देशी नेऊन तेथे दत्तविधान करीत. या व्यवहारात दलाली शिरली. १९८२ साली लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिले. न्यायालयाने त्या पत्रासच अर्ज मानले, आणि १९८४ साली न्यायमूर्ती भगवती यांनी नियम घालून दिले. मुलासाठी आधी आपल्या देशात घर शोधावे, नंतर परदेशात. घेणाऱ्या कुटुंबाची घरी जाऊन चौकशी व्हावी. यात कोणी पैसा कमावू नये. आज दिल्लीचे केंद्रीय दत्तक प्राधिकरण, ज्यास सर्वजण 'कारा' म्हणतात, याच पायावर उभे आहे. १९९३ च्या हेग कराराला भारताने २००३ साली मान्यता दिली.

नियम होण्यापूर्वीच्या काळातील एक उदाहरण आपल्या सर्वांच्या परिचयाचे असेल. मूळचे मुंबईचे हरेन स्थळेकर आणि त्यांच्या पत्नी स्यू हे अमेरिकेहून १९७९ साली भारतात आले. एक मुलगी त्यांनी आधीच दत्तक घेतली होती, आता मुलगा हवा होता. पुण्यास ससून रुग्णालयाशी संलग्न असलेल्या 'श्रीवत्स'मध्ये मनासारखा मुलगा मिळाला नाही. तथापि १३ ऑगस्टला जन्मलेली, संस्थेने लैला असे नाव ठेवलेली एक तान्ही मुलगी त्यांना दाखविण्यात आली. दोघांनी तिलाच घेतले आणि तिचे नाव लिसा ठेवले. ते कुटुंब पुढे अमेरिका, केनिया असे फिरत ऑस्ट्रेलियात सिडनीस स्थिरावले. वडिलांनी मुलीच्या हाती बॅट दिली. एकदिवसीय सामन्यांत हजार धावा आणि शंभर बळी असा दुहेरी पराक्रम करणारी जगातील पहिली महिला म्हणून लिसा स्थळेकरांचे नाव झाले. २०१३ साली मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर विश्वचषक जिंकून त्यांनी आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडले. प्रत्येक दत्तक मूल विश्वचषक आणील, अशा आशेने आम्ही हे सांगत नाही; तशी आशा पोटच्या मुलांकडून तरी कोण धरतो? सांगावयाचे ते इतकेच की, 'मुलगाच पाहिजे' हा हट्ट स्थळेकर दांपत्याने पुण्यात एका भेटीत सोडला. आपल्याकडे तो सुटावयास पिढ्या लागतात.

आता आमच्या घरची हकीगत. धाकट्या नातीचे नाव आणि संस्थेचे नाव आम्ही येथे घेणार नाही. मोठेपणी तिची कथा कोणास सांगावयाची, हे तिने ठरवावयाचे आहे. जन्मतः तिचा वरचा ओठ दुभंगलेला होता. शस्त्रक्रिया संस्थेनेच करविली, आता एक बारीक व्रण तेवढा उरला आहे. आपल्या देशात मूल दत्तक मागणारी हजारो दांपत्ये तीन-तीन वर्षे रांगेत उभी असतात. परंतु रांगेतील बहुतेकांस निर्व्यंग तान्हे मूल हवे असते. जरा मोठे झालेले, किंवा शरीरात काही उणे असलेले मूल मागे राहते. म्हणून अशी मुले परदेशी जातात. २०२४-२५ या वर्षात देशभर ४,५१५ दत्तविधाने झाली. त्यांपैकी ४,१५५ मुले देशातच राहिली. उरलेली बाहेर गेली. 'आपली मुले परक्यांस का द्यावी' म्हणून हळहळणाऱ्यांनी त्या व्रणाकडे पाहून आधी स्वतःस विचारावे, आपण घेतली असती काय?

कागदपत्रांचे वर्णन लांबवीत नाही. अमेरिकेतील मान्यताप्राप्त संस्थेकडून गृहचौकशी, मुलीचा वैद्यकीय अहवाल, 'कारा'चे ना-हरकत प्रमाणपत्र, त्यानंतर आदेश. पूर्वी हा आदेश न्यायालय देई. सप्टेंबर २०२२ पासून तो जिल्हाधिकारी देतात. ना-हरकत मिळाल्यावर हमीपत्र लिहून देऊन आदेशापूर्वीही मुलीस आपल्याजवळ ठेवता येते, मात्र देशाच्या आतच. त्या नियमामुळे आम्हांस हे दिवस लाभले. पुढे आईबापांच्या नावांचा जन्मदाखला, पारपत्र, हेग कराराप्रमाणे अनुरूपतेचे प्रमाणपत्र, अखेर दिल्लीच्या वकिलातीत व्हिसा. पारपत्राच्या छायाचित्रात हसावयाचे नसते, आणि ही मुलगी छायाचित्र म्हटले की हसे. सहा वेळा काढावे लागले.

कागद पुढे सरकेपर्यंत काय करावे? दोन मुली, भर पावसाळा, आणि पुण्यातील भाड्याची जागा. आम्ही सर्वांस येथे, कोयनानगरास घेऊन आलो. नेहरू उद्यान झाले, नवजाच्या वाटेवर ओझर्ड्याचा धबधबा झाला. शिवसागरात किती पाणी मावते असे थोरलीने विचारले. एकशेपाच टीएमसी म्हणून सांगितले तर तिला तो आकडा गॅलनमध्ये हवा! तो हिशेब चिरंजीवांवर सोपविला.

पहिल्या रात्री दिवा मालविल्यावर धाकटीने विचारले, "रात्रीच्या मावशी कोण?" आम्हांस प्रश्न कळेना. सूनबाईंस कळला. संस्थेत दिवसपाळीच्या मावशी संध्याकाळी घरी जात आणि रात्रपाळीच्या येत. चार वर्षांत या मुलीने हेच पाहिलेले. सांभाळणारे माणूस दिवस मावळला की बदलते, हा तिच्या जगाचा नियम होता. संस्थेने तिचे काही कमी केले नव्हते. खाणे, औषध, शाळा, सारे वेळेवर. परंतु पाळी ती पाळीच. सूनबाई म्हणाल्या, "रात्रीची मीच." ते तिला पटले नाही, दिवसभराचे माणूस रात्रीही कसे असेल? सकाळी उठून तिने आधी आईचे अंथरूण पाहिले. असे अकरा दिवस चालले. बाराव्या दिवशी ती पाहावयास विसरली, असे थोरलीने आम्हांस येऊन सांगितले. ती मोजीत होती.

त्याच मुक्कामी आमचे एक नातलग भेटावयास आले. मुलीच्या हाती खाऊ ठेवला, गालावरून हात फिरविला, आणि बाहेर येऊन हलक्या आवाजात विचारते झाले, "मुळात जात कोणती, काही लागले का?" गृहस्थ भले आहेत आणि त्यांनी दुष्टपणाने विचारले नाही. आमच्या पिढीस हा प्रश्न पत्ता विचारल्याइतका सहज सुचतो. आम्ही त्यांना उद्यानाच्या कडेला नेऊन उत्तर दिले, तेच येथे देतो. आमच्यापैकी एकाचे आजोळ शिवसागराच्या पाण्याखाली आहे. धरण झाले तेव्हा या खोऱ्यातील खेडीच्या खेडी उठली. माणसे देव डोक्यावर घेऊन कोणी रायगडकडे, कोणी ठाण्याकडे, कोणी सांगली-सोलापूरकडे गेली. 'मूळचे कुठले?' असे त्यांना कोणी विचारले तर बोट कोठे दाखवावे? पाण्याकडे. तरी त्यांच्या मुलांची लग्ने झाली, नव्या गावच्या मतदारयादीत त्यांची नावे चढली, आणि मंडळाच्या १२ रुपयांच्या वर्गणीची पावती त्यांनाही मिळाली. मूळ दिसत नाही म्हणून आपण कोणास आपल्या बाहेर ठेवले नाही.

यावर ते गृहस्थ म्हणाले, "ते वेगळे, ती आपलीच माणसे." या उत्तरावर आम्ही पुष्कळ विचार केला. कायदा म्हणतो, दत्तविधानाच्या दिवसापासून मूल सर्व कारणांसाठी दत्तक मातापित्यांचे होते. मोठेपणी तिला आपले मूळ शोधावयाचे असेल तर त्याचीही तजवीज नियमांत आहे. परंतु तो शोध तिचा आहे, ज्ञातीचा नव्हे. परदेशी गेल्यावर दोन वर्षे तिकडच्या संस्थेचे लोक घरी येऊन पाहणी करतात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी, आणि अहवाल भारतात येतो. मुलीचे जेवण, झोप, शाळा, बहिणीशी वागणे, सारे त्यात असते. जातीचा रकाना त्यात नाही.

आपल्या कुटुंबसूचीच्या नमुन्यात तो आहे. आठव्या रकान्यात 'दत्तक असल्यास मूळ कुल व गोत्र' असे छापलेले आहे. भाऊबंदांतील दत्तक नोंदविण्याच्या काळात तो उपयोगी असेल. आज टाकलेल्या मुलापुढे तो रकाना म्हणजे दर वेळी विचारलेला तोच प्रश्न आहे. तो काढून टाकावा, अशी आमची कार्यकारिणीस विनंती आहे. आपल्या ज्ञातीतील आणखी दोन घरी अशी मुले आहेत. त्यांच्या आईबापांनी नमुना अद्याप भरून दिलेला नाही, याचे कारण आम्ही सांगावयास नको.

आमचा नमुना आम्ही आजच चिटणीसांकडे दिला आहे. दोन्ही नातींची नावे वयाच्या क्रमाने लिहिली आहेत आणि आठव्या रकान्यात आडवी रेघ ओढली आहे. सूची दिवाळीनंतर छापखान्यात जावयाची आहे. कोणास हरकत असेल तर त्यांनी ती त्यापूर्वी लेखी द्यावी, म्हणजे आम्हांसही लेखी उत्तर देता येईल.