घाम काय सांगतो?
(सोसायटीच्या मेळाव्यातील भाषण)

मंडळी, मे महिन्यात शिंदखेड्यात घामाची टंचाई नसते! आता तो तपासणाऱ्या पट्ट्या आल्यात. हाताला चिकटवायची, घाम किती गेला, त्यातून मीठ किती गेलं, याचा अंदाज मिळतो. उन्हात राबणाऱ्याला कामाची.

साखरेचं मात्र तसं नाही. घामातली साखर रक्तातल्या साखरेच्या जेमतेम शंभराव्या भागाएवढी. त्यात कातडीवरचीही मिसळते. सुई न टोचता साखर दाखवणारी घड्याळंही वापरू नका, असं अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये बजावलं. तसंच एक मी घेतलं होतं. त्यात १३० दिसली म्हणून रात्रीची गोळी टाळली. सकाळी बोट टोचलं, तर २६८! बँकेत कॅश जुळल्याशिवाय मी कधी उठलो नाही, आणि इथे घड्याळावर विसंबलो. आता ते ड्रॉवरमध्ये आहे. बोट टोचतो.