अंगावरचं दूध आणि आईचं आरोग्य
(उत्सवातील महिला मेळाव्यात केलेले भाषण)

भगिनींनो, आणि मागे उभ्या असलेल्या बंधूंनो,

आरतीआधीची पंधरा मिनिटं मंडळाने मला दिली आहेत, म्हणून थेट विषयावर येते. अंगावर पाजल्याने बाळ धष्टपुष्ट होतं हे आपल्या आज्या सांगत आल्या. त्याचा आईलाही लाभ होतो, हे मात्र हळिवाचे लाडू वळताना कुणी बोलत नाही.

२००२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ३० देशांतल्या ४७ अभ्यासांची एकत्रित छाननी प्रसिद्ध झाली. पाजण्याच्या दर १२ महिन्यांमागे स्तनाच्या कर्करोगाचा धोका ४.३ टक्क्यांनी कमी होतो, असं त्यात दिसलं. हे महिने सगळ्या मुलांचे मिळून मोजायचे. प्रत्येक बाळंतपणामागे आणखी ७ टक्के घट, ती वेगळी. पाजत असताना बीजांड सुटणं बरेचदा थांबतं. बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो त्याचं हे एक कारण मानतात. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग मात्र विषाणूमुळे होतो. तिथे पाजण्याचा भरवसा धरू नका; त्याला लस आणि वेळच्या वेळी तपासणीच हवी.

आपल्या बेंगळुरूतल्या कर्करुग्णांची नोंद किदवाई संस्थेत १९८२ पासून ठेवली जाते. सुरुवातीला बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर होता, आता स्तनाचा आहे. उशिरा होणारं पहिलं मूल, कमी मुलं, थोडे दिवस पाजणं, वाढतं वजन, या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. पण म्हणून नोकरीवाल्या सुनांना बोल लावू नका. २०१७ च्या कायदादुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा मिळते. पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या कचेरीत पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे. ते मागायला मुलीला घरचा पाठिंबा लागतो. ती घरी येऊन बाळाला घेऊन बसली की कुकर कोण लावणार, हे मागच्या बंधूंनी ठरवावं!

आता मुख्य गोष्ट. ४.३ टक्के म्हणजे काही चिलखत नव्हे. “तीन मुलांना दोन-दोन वर्षं पाजलं, मला कशाला होईल?” असं म्हणत गाठ महिनोन्‌महिने पदराआड ठेवलेल्या बायका माझ्या दवाखान्यात आल्या आहेत. दुखत नव्हती म्हणून दाखवली नाही, म्हणतात. सुरुवातीला ही गाठ बहुधा दुखतच नाही. उलट, जिला दूधच आलं नाही तिने धास्ती घ्यावी एवढाही हा आकडा मोठा नाही.

पाजत्या आईच्या स्तनात दुधाच्या गाठी होतात, पण दोन आठवड्यांत विरल्या नाहीत तर दाखवा. कातडी आत ओढली गेली, बोंडातून रक्त आलं, तर तेवढंही थांबू नका. माइकवर विचारायला संकोच वाटत असेल, तर प्रसाद वाटून होईपर्यंत मी इथेच आहे.