मालकाला कोण सांगणार?



अध्यक्षाची पाळी येते तेव्हा मंडपात वरणाच्या फोडणीचा वास आलेला असतो. म्हणून आभाराचं काम सूत्रसंचालकांवर सोडून मी सरळ विषयावर येतो. समोर जिनिंगवाले बसले आहेत, दालमिलवाले आहेत, कृषी केंद्रं चालवणारे आहेत, पतसंस्थांचे अध्यक्ष आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालकही आहेत. धंदे वेगळे असले तरी अडचण एकच आहे. ‘भाऊ, हे तुमचं चुकतंय’ असं तोंडावर म्हणणारा माणूस तुमच्यापाशी उरलेला नाही. वडील होते तोवर ते म्हणायचे. जुने मुनीमजी निदान खाकरायचे तरी! आता पोरं अकाउंट्स सॉफ्टवेअरवर करतात, आणि सॉफ्टवेअर खाकरत नाही.

मोठ्या शहरांतल्या कंपन्या यासाठी एक्झिक्युटिव्ह कोच नेमतात. हे नाव ऐकलं की ‘हे मुंबई-पुण्याचे चोचले’ अशी आपली प्रतिक्रिया असते. म्हणून उदाहरण आपल्याच मातीतलं घेतो.

उटी हे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलं गाव. तिथले सीताराम गावंडे शंभरी ओलांडली तरी रोज रात्री घोड्यावर बसून आपली शेतं पाहून यायचे. त्यांचे चिरंजीव आत्माराम डॉक्टर होऊन अमेरिकेत गेले. उमरखेडचं गोपिकाबाई सीताराम गावंडे महाविद्यालय हे याच घराचं नाव. आत्मारामांचा मुलगा म्हणजे अतुल गावंडे, बॉस्टनचे नामांकित शल्यचिकित्सक आणि लेखक.

आठेक वर्षं स्वतंत्रपणे शस्त्रक्रिया केल्यावर अतुल गावंडे यांच्या लक्षात आलं की आपली प्रगती थांबली आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीचं प्रमाण कमी होत होत एका जागी येऊन ठेपलं होतं. त्यांनी ज्यांच्या हाताखाली शिक्षण घेतलं त्या निवृत्त सर्जन रॉबर्ट ऑस्टीन यांना विनंती केली, ‘माझ्या शस्त्रक्रियेला येऊन बसा आणि काय दिसतं ते सांगा.’ थायरॉइडची शस्त्रक्रिया होती. गावंड्यांच्या मते ती उत्तम झाली. नंतर ऑस्टीन यांनी वही उघडली. दिवा जखमेवरून सरकला होता आणि जवळजवळ अर्धा तास काम परावर्तित उजेडात चाललं होतं. रुग्णावरची कापडं अशी लावली होती की सर्जनची सोय होत होती, पण समोरच्या सहायकाची अडचण होत होती. आणि गावंड्यांचं कोपर मधूनमधून खांद्याच्या उंचीपर्यंत वर जात होतं. कोपर हवेत असलं की हाताला नेमकेपणा राहत नाही. गावंड्यांनी पुढे लिहिलं की या वीस मिनिटांच्या चर्चेने मागच्या पाच वर्षांपेक्षा जास्त विचार करायला लावलं. 2011 साली ‘न्यू यॉर्कर’मध्ये आलेल्या त्या लेखात गुंतागुंती पुन्हा कमी झाल्याचंही ते सांगतात, आणि हा योगायोग नाही असं ठामपणे म्हणायला अजून अवकाश आहे, हेही सांगतात.

यातली दोन माणसं बघा. आजोबा प्रत्येक शेत स्वतः पाहायचे. आपणही तेच करतो आणि ‘माझं लक्ष आहे’ असं अभिमानाने सांगतो. नातवाला वेगळी गरज जाणवली, आपल्यालाच कोणीतरी पाहावं याची. ते सोपं गेलं नाही. ‘हे कोण?’ असं रुग्णाने विचारल्यावर ‘हे माझे कोच’ असं सांगावं लागलं, आणि त्याने रुग्णाचा जीव काही भांड्यात पडला नाही.

गूगलचे तेव्हाचे मुख्याधिकारी एरिक श्मिट यांना ‘कोच घ्या’ असा सल्ला मिळाला, तेव्हा ते नाराज झाले होते. इतका अनुभवी मुख्याधिकारी मी, मला कोच कशाला? त्यांना मिळालेले कोच बिल कॅम्पबेल पूर्वी कोलंबिया विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक होते. ‘कोच घ्या’ हा आपल्याला मिळालेला सर्वांत चांगला सल्ला, असं श्मिट पुढे सांगू लागले.

आता आपल्याकडे या. हंगाम भरात आहे, जिनिंगमधली सकाळची बैठक चालू आहे. मालक विचारतात, ‘कालच्या गठाणींत ओल कशी आली?’ फोरमन तोंड उघडतो तोच मालक स्वतःच म्हणतात, ‘प्रेसवर पाणी जास्त मारलं असणार.’ फोरमन म्हणतो, ‘हो भाऊ.’ बैठक संपते. खरी गोष्ट अशी की तो ओला कापूस रात्री मालकांच्या मेहुण्याच्या गाडीतून आला होता आणि मॉइश्चर मीटर न लावता उतरवून घेतला होता. हे हमालापासून काट्यावरच्या पोरापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. बाहेर चहाच्या टपरीवर फोरमन म्हणतो, ‘मालक म्हनते तेच बराबर, आपल्याले काय करा लागते!’

तिथे कोपऱ्यात कोच बसला असता तर? त्याला रुई आणि सरकीतला फरक कळायची गरज नाही. तो एवढंच टिपतो की प्रश्न कोणी विचारला आणि उत्तर कोणी दिलं. नंतर दार लावून मालकांना विचारतो, ‘तुम्ही विचारलेल्या प्रश्नांपैकी किती प्रश्नांची उत्तरं तुम्हीच दिलीत?’ कोचिंगचा खरा फायदा एवढाच आहे, आणि माझ्या मते तो पुरेसा आहे. पुढारपणाच्या गप्पा, टाळ्या वाजवून घेणारी शिबिरं, निखाऱ्यांवरून चालवणारे वक्ते हा वेगळा धंदा आहे. त्यात चार पैसे घालवून झाले की माणूस सोमवारी पुन्हा फोरमनचं वाक्य तोडतो.

पण याची मर्यादाही सांगितली पाहिजे, कारण पाहुणे वक्ते ती सांगत नाहीत. गावंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर प्रदेशातल्या 120 प्रसूती केंद्रांत मोठा प्रयोग केला. निम्म्या केंद्रांत परिचारिकांसोबत कोच ठेवले. दोन महिन्यांनी तिथे आवश्यक कृतींपैकी सुमारे 73 टक्के कृती होऊ लागल्या होत्या. बाकीच्या केंद्रांत हे प्रमाण 42 टक्के होतं. तरीही 2017 मध्ये निष्कर्ष आले तेव्हा माता-बालकांच्या मृत्यूंत फरक पडलेला नव्हता. मी याचा अर्थ असा लावतो की कोच सवय बदलतो, साधनांची उणीव भरून काढत नाही. गुलाबी बोंडअळी, कापसाचा बाजार किंवा बँकेचं कर्ज कोचला विचारून चालत नाही. भांडवलाचा प्रश्न असेल तर बँकेत जा, कोचकडे जाऊ नका.

दुसरी गोष्ट, व्हिजिटिंग कार्ड छापलं की कोणीही कोच होतो. परवाना लागत नाही. म्हणून पारखून घ्या. जो पहिल्याच भेटीत उपाय सांगतो, तो सल्लागार आहे. जो तुमची स्तुती करतो, तो विक्रेता आहे.

आणि पैशांची काळजी करू नका. ऑस्टीन हे गावंड्यांचे गुरू होते, निवृत्त होते, जवळच होते. यवतमाळ, पुसद, वणी, दारव्ह्यात निवृत्त प्राचार्य, बँकेचे जुने मॅनेजर, कोळसा खाणीतून निवृत्त झालेले अधिकारी, बोलावणं येईल म्हणून वाट पाहत बसले आहेत. माझी आपल्या उद्योजक-व्यापारी संघटनेला सूचना आहे की अशांची यादी करावी. अटी दोनच. ज्याच्याशी आपलं देणंघेणं आहे किंवा सोयरीक आहे, तो माणूस नको. आणि बोलावलेल्या माणसाने ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही.

तुम्हा प्रत्येकाला माझी विनंती आहे. येत्या महिन्यात अशा एका माणसाला तुमच्या बैठकीत बसवा. नंतर तो बोलेल तेव्हा वीस मिनिटं मोबाइल टेबलावर पालथा ठेवा आणि त्याला उत्तर देऊ नका.