नकाशावरची सही

(डिचोली येथील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



विषय तसा रुक्ष आहे. बांधकाम व्यवसायातल्या संस्था शाश्वततेसाठी काय करतात, यावर बोलायचे म्हणजे कायदे, मानांकने, परिषदा आणि त्यांची लघुनामे आलीच. उन्हाळ्याच्या संध्याकाळी तुम्ही हे ऐकायला बसलात, याबद्दल आधीच आभार मानतो.

आम्हा आर्किटेक्टांच्या व्यवसायात फारसे न वाचले जाणारे एक कलम आहे. 1972 च्या आर्किटेक्ट्स कायद्याने वास्तुकला परिषद, म्हणजे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर, अस्तित्वात आली. या परिषदेने 1989 मध्ये व्यावसायिक आचरणाचे नियम केले. आर्किटेक्टने कसे वागावे, याची लांबलचक यादी त्यात आहे. फी कशी घ्यावी, दुसऱ्याचे काम कसे पळवू नये, वगैरे. पण यादीतले पहिलेच कलम वेगळे आहे. आपले व्यावसायिक काम पर्यावरणाच्या गुणवत्तेच्या आणि समाजाच्या भावी हिताच्या आड येणार नाही, हे आर्किटेक्टने पाहावे, असा त्याचा आशय. गैरवर्तन ठरले तर समज देण्यापासून नोंदणीतून नाव काढण्यापर्यंतचे अधिकार परिषदेला कायद्याने दिले आहेत. माझ्या इतक्या वर्षांच्या व्यवसायात मात्र डोंगर कापल्याबद्दल कोणा आर्किटेक्टची नोंदणी गेल्याचे ऐकिवात नाही. परिषदेपुढच्या ज्या तक्रारी कानावर येतात त्या बहुतेक फीच्या आणि अर्धवट सोडलेल्या कामांच्या.

परिषद ही कायद्याने झालेली संस्था. तिच्याहून जुनी म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स. 1917 मध्ये मुंबईच्या जे. जे.मधल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या मंडळातून ती वाढली, आजचे नाव 1929 चे. तिची गोव्यात शाखा आहे. तिसरी संस्था इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल. उद्योगांच्या महासंघाने, सीआयआयने, ती 2001 मध्ये काढली. हैदराबादेतली महासंघाची स्वतःची इमारत 2003 मध्ये अमेरिकी ‘लीड’ मानांकन पद्धतीचे प्लॅटिनम मिळवून बसली, आणि पुढच्या वर्षी राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. तेव्हापासून आपल्याकडे सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनमच्या पाट्या दिसू लागल्या. केंद्र सरकारच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा खात्याने आणि टेरी या ऊर्जा संशोधन संस्थेने मिळून केलेली ‘गृह’ ही तारांकित पद्धत 2007 ची.

या मानांकनांची मी चेष्टा करणार नाही. त्यांच्यामुळे कमी पाण्याचे नळ, भिंतीत उष्णतारोधक थर, सांडपाण्याचा पुनर्वापर या गोष्टी ठेकेदाराच्या तोंडी आल्या. एरवी बिल्डरशी सावलीबद्दल बोलायचे झाले तर तो घड्याळ बघायचा. आता प्लॅटिनमच्या आशेने का होईना, ऐकून घेतो. पण त्यातली मेख ओळखली पाहिजे. मानांकनासाठी अर्ज करणारा स्वतः फी भरतो, स्वतःच आपले कागद सादर करतो. मातीची धूप रोखणे सक्तीचे असते, पण जमिनीचा मूळ चढउतार आणि झाडोरा राखणे ऐच्छिक गुणांत जाते. गणितात गेलेले गुण चित्रकलेतून भरून काढावेत, तसा उतार सपाट केल्याचा तोटा छपरावरच्या सौर पाट्यांतून भरून निघतो. आणि मूळ प्रश्न, म्हणजे या जागी बांधावे की नाही, तो तर अर्ज भरण्याआधीच कोणीतरी सोडवून टाकलेला असतो.

2011 च्या जनगणनेत गोव्यात साधारण दर पाच घरांमागे एक घर रिकामे आढळले होते. देशात इतके मोठे प्रमाण क्वचितच कुठे असेल. मांद्रे, मोरजी, हरमलला जाऊन बघा. वर्षातले चार आठवडे दिवे लागतात असा व्हिला उत्तम उष्णतारोधक भिंतींचा असेलही. त्याच्यासाठी भाट तोडले गेले, पोहण्याच्या तलावासाठी बोअर मारली गेली, चिरे-रेती-सळी खर्ची पडली. नव्या घराला गुण देताना त्या घरात कोणी राहणार आहे का, हे विचारायची सोय नाही.

आता मोप्याकडे येतो, कारण पेडणे तालुक्यात शाश्वततेचा सगळा वाद तिथल्या सड्यावर झाला. मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन 11 डिसेंबर 2022 रोजी झाले, 5 जानेवारी 2023 पासून विमाने उतरू लागली. शाश्वत पायाभूत सुविधांच्या कल्पनेवर हा विमानतळ उभारल्याचे सरकारने तेव्हा सांगितले. सौर ऊर्जा, पावसाचे पाणी साठवणे, सांडपाणी शुद्धीकरण, एलईडी दिवे हे सगळे तिथे आहे. पण ते कसे आले, हे आपण विसरत चाललो आहोत.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचे पठार. वरून उजाड, करपलेले, निरुपयोगी दिसते. म्हणूनच बाहेरून आलेल्या माणसाला वाटते की विमानतळाला याहून चांगली जागा कुठली? पण जांभा भेगाळ आणि सच्छिद्र असतो. आपल्याकडे वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो. सड्यावर मुरलेले पाणी उतारावरच्या झऱ्यांतून हळूहळू खाली येते आणि पायथ्याच्या शेतांना, कुळागरांना उन्हाळ्यापर्यंत पुरते. सडा काँक्रीटने झाकला की तेच पाणी पावसात एकदम येते आणि उन्हाळ्यात येत नाही. हे समजायला भूजलतज्ज्ञ लागत नाही. वारखंड, नागझर, कासारवर्णे, उगवे इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.

या विमानतळाला 28 ऑक्टोबर 2015 रोजी पर्यावरण परवाना मिळाला. गोव्यातल्या नागरिकांनी त्याला आव्हान दिले, हरित लवादाने परवाना कायम ठेवला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘हनुमान लक्ष्मण आरोसकर विरुद्ध भारत सरकार’ हा तो खटला. 29 मार्च 2019 रोजी न्यायालयाने परवाना स्थगित केला. कारण काय, तर अर्जातली माहितीच अपुरी होती. 15 किलोमीटरच्या परिघातली राखीव वने आणि शेजारच्या सिंधुदुर्गातला संवेदनशील भाग यांचा नीट उल्लेख नव्हता. तोडायच्या झाडांचा आकडा 50,000 च्या वर होता. तज्ज्ञ समितीने फेरविचार करून जादा अटी घातल्या. 16 जानेवारी 2020 रोजी स्थगिती उठली, पण ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेच्या देखरेखीखाली, आणि बांधकामात व पुढे वापरातही शून्य कार्बन कार्यक्रम राबवण्याची कंपनीची हमी नोंदवून घेऊन.

म्हणजे मोप्याच्या विमानतळावर जे हिरवे आहे, त्यातले पुष्कळसे कोर्टकचेऱ्या करणाऱ्या गोवेकरांचे आहे. अर्जातल्या त्रुटी शोधायला नकाशा वाचता येणारी माणसे लागतात. ती माणसे आमच्या व्यवसायात शेकड्यांनी आहेत. त्या लढ्यात आमच्या संस्थांनी पुढे यायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

पेडण्याची माती कशी आहे, हे खरे तर कोकण रेल्वेकडून शिकावे. पेडण्याच्या बोगद्याने 1998 पर्यंत सगळ्या मार्गाला खोळंबवून ठेवले होते. ऑगस्ट 2020 मध्ये त्याची भिंत ढासळली. जुलै 2024 मध्ये मालपेच्या बोगद्यात चिखल-पाणी घुसून गाड्या थांबल्या. अशा तालुक्यात उतार कापून प्लॉट पाडण्याच्या नकाशांवर माझ्याच व्यवसायातल्या कोणाची तरी सही असते.

गोव्यात डोंगर कापायला किंवा सखल जमीन भरायला नगरनियोजन कायद्याच्या 17अ कलमाखाली परवानगी लागते. शिवाय जमीन रूपांतराची सनद, झोन, पंचायतीचा परवाना. कागद पुष्कळ आहेत. 2023 मध्ये या कायद्याला 17(2) हे पोटकलम जोडले गेले. प्रादेशिक आराखड्यातल्या चुका दुरुस्त करणे हा त्याचा सांगितलेला हेतू. प्रत्यक्षात भातशेती आणि बागायतीचे तुकडे एकेक करून वसाहतीच्या झोनमध्ये जाऊ लागले. मार्च 2025 मध्ये उच्च न्यायालयाने त्याखालचे नियम रद्द केले आणि कलमाचा अर्थ मर्यादित केला. तोवर झोनबदलासाठीच 39अ हे नवे कलम आलेले होते. पेडण्याच्या झोनिंग आराखड्याचा मसुदाही 2023 मध्येच आला होता. लोक उठले आणि तो मागे घ्यावा लागला. तिथेही लोकच.

व्यवसायातले लोक कधी बोललेच नाहीत, असे मात्र नाही. 2007 च्या जानेवारीत गोवा बचाव अभियानाच्या रेट्याने प्रादेशिक आराखडा 2011 रद्द झाला. नंतर नव्या आराखड्यासाठी नेमलेल्या कृती दलात चार्ल्स कोरिया उपाध्यक्ष होते, एदगार रिबेरो होते, डीन डिक्रूझ होते. आराखड्याचे नकाशे गावोगावी पंचायतींकडे गेले आणि गावकऱ्यांनी त्यावर आपली शेते, झरे, देवराया दाखवल्या. आराखडा 2021 निर्दोष नव्हता, 2012 मध्ये तो थंड्या बस्त्यातही गेला. पण आर्किटेक्टने गावाशी बोलावे कसे, याचा तो गोव्यातला सर्वांत चांगला धडा होता. व्यक्तींनी तो दिला. संस्थांनी तो पुढे चालवायला हवा होता.

आपण डिचोलीत बसलो आहोत, तेव्हा बांधकाम साहित्याबद्दल थोडे. शाश्वत बांधकामाचा हिशेब शहरात मांडतात, पण त्याची किंमत या तालुक्याने मोजली आहे. सळीचे मूळ खनिजात. खाणींमुळे शिरगावच्या विहिरी कशा आटल्या ते इथे सांगायची गरज नाही. 7 फेब्रुवारी 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि नंतर लिलावाने डिचोलीचा ब्लॉक पुन्हा सुरू झाला. आमोण्याला लोखंडाची भट्टी आहे. भट्टीतून निघणारी स्लॅग बारीक दळून सिमेंटमध्ये क्लिंकरच्या, म्हणजे भट्टीत भाजलेल्या चुनखडीच्या गोळ्यांच्या, जागी वापरता येते. सिमेंटच्या कार्बनचा निम्म्याहून अधिक भाग इंधनाचा नसतो, चुनखडी भाजताना ती स्वतःच सोडते त्या वायूचा असतो. त्यामुळे क्लिंकर कमी करणे हाच खरा उपाय. भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी मिसळलेल्या सिमेंटलाही भारतीय मानक ब्यूरोने 2023 मध्ये मानक दिले. इथे अभियंत्यांच्या संस्था खरोखर उपयोगी पडू शकतात. ठेकेदाराला कोणती गोणी मागायची हे कळले तर फरक दिसेल.

आणि जांभ्या दगडाचा चिरा. त्याला भट्टी लागत नाही, खाणीतून ओला निघतो आणि उघड्यावर टणक होतो. हरवळ्याच्या गुंफा याच दगडात कोरल्या. नार्व्याचे सप्तकोटेश्वर मंदिर, ज्याचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये करवला आणि जे डागडुजीनंतर फेब्रुवारी 2023 मध्ये पुन्हा खुले झाले, ते याच मातीतले. म्हणून चिरा हिरवा, असे आम्ही आर्किटेक्ट मोठ्या हौसेने सांगतो. पण बेकायदा चिरेखाणींचे पाण्याने भरलेले खड्डे पेडण्यात पाहिले की ती हौस ओसरते. तेरेखोल आणि शापोरा नद्यांतल्या रेतीचीही तीच कथा. साहित्य स्थानिक असले की पुरे, असे होत नाही. ते परवान्याच्या खाणीतून आले का, हे विचारले पाहिजे. जुनी माणसे चिरा पायाला आणि कोपऱ्यांना राखून ठेवत, बाकी भिंत मातीची घालत, पाऊस लागू नये म्हणून चुडतांच्या झापा बांधत. घर मोडले तर चिरे आणि कौले पुन्हा वापरात येत. गिलाव्याने झाकलेल्या आणि सिमेंटने जोडलेल्या चिऱ्याच्या नशिबी तेही नाही.

आणखी एक अडचण सांगतो. मार्च 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की 1972 च्या कायद्याने ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी राखीव आहे, ते काम नव्हे. पेडण्या-डिचोलीतली बहुतेक घरे गवंडी आणि ठेकेदारच बांधतात. आमच्या संस्थांच्या परिषदा आणि पारितोषिके त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत. पणजीच्या हॉटेलात इंग्रजीत भरणाऱ्या एका परिषदेच्या खर्चात वाळपई, साखळी, पेडण्यात गवंड्यांसाठी मराठी-कोकणीत पुष्कळ वर्ग घेता येतील. भिंतीतला ओलावा, पावसाचे पाणी, सिमेंटचे प्रमाण इतके शिकवले तरी मानांकनांहून अधिक काम होईल.

माझी मागणी मोठी नाही. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सच्या गोवा शाखेने झोनबदलाच्या आणि डोंगरकापणीच्या प्रत्येक मोठ्या प्रकरणात लेखी मत जाहीर करावे, वर्तमानपत्रात, मराठीतही. चुकीच्या नकाशावर सही करायला जो सभासद नकार देईल, त्याच्या मागे संस्थेने उभे राहावे, कारण आज असा नकार देणाऱ्याचे काम दुसऱ्या दिवशी दुसऱ्याकडे जाते. आणि वास्तुकला परिषदेने आपले 1989 चे पहिले कलम एकदा तरी वापरून दाखवावे.

तुमच्याकडूनही एक अपेक्षा आहे. पुढच्या ग्रामसभेत तुमच्या वाड्यावरच्या डोंगराचा विषय निघेल तेव्हा बिल्डरचे नाव विचारून थांबू नका. मंजूर नकाशाची प्रत मागा, त्यावर सही कोणाची आहे आणि नोंदणी क्रमांक कोणता ते लिहून घ्या, आणि ती व्यक्ती आर्किटेक्ट असेल तर तक्रार सरळ परिषदेकडे पाठवा.