म्हातारपणी मिरजेला राहायला जावं का?



गेल्या फेब्रुवारीत आमच्या एका गटाची बैठक संपत आली होती. बचत जमा झाली, वहीत सह्या झाल्या, चहाचे कप गोळा झाले. बायका पदर सावरून उठायला लागल्या, तेवढ्यात एक काकी म्हणाल्या, "जरा थांबा गं. मला एक विचारायचंय. आमचं मिरजेला राहायला जायचं चाललंय. जावं का?"

सगळ्या परत खाली बसल्या. त्या दिवशी घरी जायला अंधार पडला.

आज आम्ही त्याच प्रश्नावर बोलणार आहोत, कारण तो एकट्या काकींचा नाही. नोकरी संपवून घरी आलेला नवरा, पुण्या-मुंबईत नोकरीला असलेला मुलगा आणि हातात एकदाच आलेली मोठी रक्कम, असं आपल्या भागात पुष्कळ घरांत आहे. काकींचं नाव आम्ही घेणार नाही. "नाव नको, पण गोष्ट सांगा, कुणाच्या तरी उपयोगी पडेल," असं त्यांनीच सांगितलंय.

काका एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. फंड आणि ग्रॅच्युइटीचे पैसे आले, त्यातून लेकीचं लग्न झालं, घरावर पत्रे पडले, आणि १५ लाख शिल्लक राहिले. एसटीवाल्यांना मास्तरांसारखी पेन्शन नसते. भविष्यनिर्वाह निधीची पेन्शन असते, ती काकांना महिन्याला २,४०० रुपये मिळते. गावात दोन खोल्या, अडीच एकर कोरडवाहू रान, एक म्हैस. काकांना साखर आहे. आणि गेल्या वर्षी एका रात्री त्यांच्या छातीत कळ आली. शेजाऱ्याच्या जीपमधून मिरजेच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तीन तास गेले. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर अवघड होतं.

तेव्हापासून मुलगा एकच सांगतो. रान विका, फंडाचे पैसे घाला, मिरजेत फ्लॅट घ्या. पुण्यात परवडत नाही, मिरज स्वस्त आहे, दवाखाने दारात आहेत.

मुलगा वाईट नाही, हे आधीच सांगतो. बापाचा जीव वाचावा म्हणूनच तो बोलतोय. आणि मिरजेचं म्हणाल तर दक्षिण महाराष्ट्रात म्हाताऱ्या माणसांना सोयीचं असं दुसरं गाव सापडणं कठीण. १८९४ साली डॉ. विल्यम वान्लेस यांनी तिथं मिशनचं हॉस्पिटल सुरू केलं, आणि पुढं ते गावच दवाखान्यांचं झालं. आता कर्नाटकातून, कोकणातून, गोव्याकडून लोक उपचाराला येतात. सरकारी मेडिकल कॉलेज तिथंच आहे. रेल्वेचं मोठं जंक्शन आहे. पुणे, कोल्हापूर, पंढरपूर, बेळगाव, सगळीकडं गाडी मिळते. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महानगरपालिका, २०११ च्या जनगणनेत सुमारे पाच लाख वस्तीची. म्हणजे शहर आहे, पण माणूस हरवेल एवढं नाही. पाणी कृष्णेचं. आपल्याला तर त्याचं विशेष वाटणारच. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला पाण्याची रेल्वे गेली ती मिरजेतूनच.

तरी आम्ही लगेच "जा" म्हणालो नाही. बैठकीतच दोन तट पडले. एक मावशी म्हणाल्या, "दवाखान्याशेजारी राहून काय, आजारी पडायची वाट बघत बसायचं का?" दुसरीची बहीण कोल्हापुरात राहायला गेलीय, ती रोज सकाळी रंकाळ्यावर फिरते, अंबाबाईचं दर्शन घेते, तब्येत सुधारली म्हणते. दोघींचंही खरं होतं. मग ठरलं की नुसतं बोलण्यापेक्षा जाऊन बघू. काकी, गटाच्या दोघी आणि आम्ही समन्वयक अशा एसटीनं निघालो. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याचा हा उपयोग.

मार्च-एप्रिलमध्ये आम्ही तीनदा गेलो. पहिल्या फेरीत एका एजंटानं नुसते फ्लॅटच दाखवले. एक तिसऱ्या मजल्यावर होता, लिफ्ट नाही. काकींचे गुडघे दुसऱ्या मजल्यावरच बोलायला लागले. एजंट म्हणाला, "लिफ्ट पुढं होणार आहे." तो फ्लॅट तिथंच सोडला.

दुसऱ्या फेरीत आम्ही एजंटाला टाळलं आणि गल्लीतल्या बायकांनाच विचारलं: "पुराचं पाणी कुठवर आलं होतं?" सांगली-मिरजेत जागा बघणाऱ्यानं हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा ५० फुटांच्या वर. जागा दाखवणारा हे सांगत नाही. शेजारीण सांगते, भिंतीवरची ओल हातानं दाखवते. एक खोली आम्हाला फार आवडली होती, भाडंही कमी. समोरच्या आजी म्हणाल्या, "२०१९ ला ह्या ओट्यावरून आम्हाला होडीतनं नेलं." मग कळलं भाडं कमी का ते.

आता पैशाचं. हे जरा सावकाश ऐका, जमलं तर वहीत लिहून घ्या.

मुलाच्या म्हणण्याप्रमाणं फ्लॅट घेतला, तर १५ लाख गेले, रानही गेलं. राहिले महिन्याला २,४०० रुपये, आणि त्यातून सोसायटीचा मेन्टेनन्स, लाइट, घरपट्टी. डोक्यावर छप्पर झालं, पण चुलीवर काय ठेवायचं? दर महिन्याला मुलाकडं बघायचं.

फ्लॅट न घेता तेच १५ लाख पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले तर? ६० वर्षांपुढच्या माणसाला ते खातं काढता येतं, ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, नवरा-बायकोच्या जोडनावानं काढता येतं. व्याज सध्या ८.२ टक्के. म्हणजे वर्षाला १,२३,०००, दर तीन महिन्यांनी ३०,७५०. महिन्याचे धरले तर १०,२५०. त्यात पेन्शन मिळवली की १२,६५०. नव्या खात्यांचा दर सरकार दर तिमाहीला जाहीर करतं, पण आपण ज्या दरानं ठेवले तो दर पाच वर्षं तोच राहतो.

खर्च काकींनी स्वतः मांडला. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांचं भाडं आम्हाला ६,००० सांगितलं होतं. लाइट आणि गॅस १,५००. दूध रोज लिटरभर, १,८००. काकी तिथंच थांबल्या. म्हणाल्या, "चाळीस वर्षांत मी दूध विकत घेतलं नाही गं." औषधं २,०००. झाले ११,३००. उरले १,३५०, आणि अजून किराणा नाही, भाजी नाही, कुणाचा आहेर नाही. कोथिंबिरीच्या काडीलाही तिथं पैसे मोजायचे.

तेव्हा मिरज स्वस्त आहे, पण ती पुण्याच्या मानानं. आपल्या गावाच्या मानानं ती महागच आहे. हे मुलाच्या ध्यानात येत नाही, कारण तो पुण्यातून बघतो.

यावर आम्ही काकींना दोन गोष्टी सुचवल्या. रेशनकार्ड तिथंही चालतं, दुसऱ्या गावच्या दुकानात अंगठा लावून धान्य उचलता येतं. आणि भाडं मुलानं द्यावं. फ्लॅटचं कर्ज काढायला तो तयार होताच, मग सहा हजार भाड्याला काय अडचण? काकींना मागायला लाज वाटत होती. शेवटी आमच्यासमोरच फोन लावला. मुलगा लगेच हो म्हणाला. इतके दिवस कुणी त्याला आकडा सांगितलाच नव्हता.

आता सगळ्यात अवघड भाग. बैठकीत तो कुणी काढत नव्हतं, शेवटी आम्हीच काढला. काका त्रेसष्टचे, काकी सत्तावन्नच्या. साखर आणि हृदय काकांचं. आपापल्या गटाकडं बघा, किती जणी एकट्या आहेत. मग मिरजेतलं घर बघायचं ते दोघांसाठी, की पुढं एकट्या राहणाऱ्या काकींसाठी? काकांनंतर त्यांच्या पेन्शनीतली निम्मी काकींना मिळेल, म्हणजे १,२०० रुपये. रानाचा सातबारा एकट्या काकांच्या नावावर. पस्तीस वर्षं त्या रानात खुरपलं काकींनी, आणि विकायचं ठरवलं बाप-लेकानं. काकींना विचारलंच नव्हतं. म्हणून तर त्यांनी ते गटात विचारलं.

आम्ही सांगितलं, रान विकू नका. नंतर कधी घर घ्यायचंच झालं, तर ते काकींच्या एकटीच्या नावावर घ्या. आपल्या राज्यात बाईच्या नावावर घर घेतलं की मुद्रांक शुल्क एक टक्का कमी लागतं. २० लाखांच्या घरात २० हजार वाचतात, आणि कागदावर नाव राहतं. तसंच जिवंतपणी मुलाच्या नावावर बक्षीसपत्र करायची घाई करू नका. करायचंच असेल तर "आम्हाला सांभाळायचं" ही अट त्यात स्पष्ट लिहून घ्या. २००७ च्या कायद्यानुसार अशी अट मोडली तर प्रांतसाहेबांकडं अर्ज करून ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. मुलावर विश्वास नाही म्हणून हे सांगत नाही. उद्या कोण कुठं असेल, याचा नेम नाही म्हणून सांगतो.

आणि जे गावातच राहणार आहेत, त्यांनी छातीत दुखलं की जीप शोधत बसू नका. आधी १०८ ला फोन करा, पैसे पडत नाहीत. सत्तरी पार केलेल्यांनी आयुष्मान कार्ड काढून ठेवा. त्याला उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या दवाखान्यात होतात. दवाखाना योजनेत आहे का, ते दाखल होण्याआधी विचारा.

काकींचं शेवटी असं ठरलं. विकायचं काही नाही. अकरा महिन्यांच्या करारानं भाड्यानं राहून बघायचं, आणि तेही मृगाच्या आधी जायचं, म्हणजे पहिल्याच वर्षी पावसाळा कळतो. उन्हाळ्यात सगळीच जागा चांगली दिसते. दवाखान्यापासून रिक्षानं दहा मिनिटांवर, तळमजला, पाणी न आलेली गल्ली. रान दिरांना अर्धेलीनं दिलं, म्हणजे ज्वारी घरचीच. म्हैस मात्र विकली. त्या दिवशी काकी कुणाशी बोलल्या नाहीत.

गटाचा प्रश्न राहिला होता. बारा वर्षांची सभासद, नाव कमी करायचं का? नियमानं आठवड्याच्या बैठकीला हजर राहावं लागतं. बायकांनी ठराव केला, वर्षभर नाव ठेवायचं, काकींनी महिन्यातून एकदा यायचं, बाकीची बचत त्यांच्या जाऊबाईंनी भरायची. वरच्या मॅडमनी विचारलं तर काय सांगायचं, ते आम्ही बघून घेऊ.

परवा पाऊस फार झाला, कृष्णेचं पाणी वाढल्याचं ऐकलं, म्हणून काकींना फोन केला. गल्ली कोरडी होती. काका रोज सकाळी स्टेशनपर्यंत चालत जातात, गाड्या बघतात, ड्रायव्हरच ते. साखर उतरलीय. काकींना मात्र दाराला कुलूप लावायची सवय अजून झालेली नाही. आदल्या दिवशी किल्ली आतच राहिली आणि दोन तास पायरीवर बसावं लागलं. तिथं बसल्या बसल्या कानडी बोलणाऱ्या एका शेजारणीची ओळख झाली, तिनं चहा दिला.

"तिथं करमतंय का?" आम्ही विचारलं.

"अजून सांगता येत नाही बाई," काकी म्हणाल्या. "अकरा महिने होऊ देत की. बैठक ह्या गुरुवारीच आहे ना? मी सकाळच्या गाडीनं येते. आणि येताना तिला विचारते, ह्या गल्लीत गट आहे का म्हणून."