घ्या, आणि नाव घ्या



या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाचा मान दिलात, मी आपला ऋणी आहे. 'ऋणी' हा शब्द भाषणाच्या आरंभी उच्चारायचा आणि विसरून जायचा, अशी आपल्याकडे रीत पडली आहे. मी आज तो शेवटपर्यंत सोडणार नाही.

या वढू बुद्रुक गावात छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे आणि त्यांच्याबरोबर प्राण देणाऱ्या कवी कलशांचीही. ११ मार्च १६८९ रोजी औरंगजेबाने दोघांची हत्या केली. महाराजांचा पराक्रम आपण दरवर्षी गातो, गायलाच हवा. पण या मातीत दोन कवी विसावले आहेत, हे साहित्याच्या मांडवात तरी ठणकावून सांगितले पाहिजे.

महाराजांनी संस्कृतात 'बुधभूषणम्' रचला. ह. दा. वेलणकरांनी संपादित केलेला हा ग्रंथ पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९२६ साली छापला. त्याच्या आरंभी महाराज काय सांगतात? जुन्यांची शास्त्रे पारखून, त्यांतला अर्थ घेऊन मी हा ग्रंथ करतो आहे. राजाला हे लिहायला कोणी भाग पाडले होते? दुसऱ्या अध्यायात राजनीती येते: राजा, प्रधान, कोश, दुर्ग, सैन्य. पूर्वसूरींचे निवडून घेतले, आपल्या क्रमाने मांडले आणि घेतल्याची कबुली पहिल्याच अध्यायात दिली.

आणि आमच्यातले चार कविता छापून आलेले कवी सांगतात, 'मी इतरांचे वाचत नाही, माझी शैली बिघडेल.' अहो, दुसऱ्याची एक ओळ वाचून जी शैली बिघडते, ती मुळात होतीच कुठे? याला मी स्वतंत्र प्रतिभा म्हणत नाही, आळस म्हणतो.

कवी कलश उत्तरेतून आले. परका म्हणून त्यांची हेटाळणी झाली, 'कलुषा' म्हणून नाव विटाळले गेले. ब्रज भाषेतले 'नखशिख', 'नायिकाभेद', 'सातसतक' हे ग्रंथ महाराजांच्या नावावर आहेत. मराठी राजाचा हात ब्रजकवितेकडे वळतो, तेव्हा शेजारी बसलेल्या मित्राचा त्यात वाटा असणार, असे मी मानतो. भाषेच्या वेशीवर पहारे बसवणाऱ्यांनी या दोन समाध्यांपुढे क्षणभर उभे राहावे.

आता जात्याकडे या. पहाटे दोघी समोरासमोर बसायच्या, एकच खुंटा दोघींच्या हातात. एकीने ओवीची पहिली ओळ टाकायची. ती तिच्या आईकडून, आत्याकडून आलेली. दुसरीने ती उचलायची आणि पुढच्या ओळीत आपल्या भावाचे, आपल्या लेकराचे नाव गुंफायचे. ओळ जुनी, दुःख नवे. कोणी कोणाला चोर म्हटले नाही. अभ्यासक हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या, आणि गाणाऱ्या बायांची व त्यांच्या गावांची नावे टिपून ठेवली. या कामाला मी त्या नोंदींसाठीही नमस्कार करतो.

एक सल सांगतो. एका काव्यस्पर्धेत मी परीक्षक होतो. एका शाळकरी मुलीची शेतावरची कविता पुढे आली. सोबतचे परीक्षक म्हणाले, 'यावर बहिणाबाईंची छाया आहे, बाद करा.' कविता बाद झाली. मी गप्प बसलो, ही माझी चूक. बहिणाबाई चौधरींची छाया पडलेली मुलगी म्हणजे नीट वाचणारी मुलगी! तिला सांगायला हवे होते, बाळ, सावलीत बसलीस ते चांगले केलेस, आता ऊन तुझे तू सोस. तुकोबांनी तर आपल्या कवित्वाचे मूळ उघड सांगितले: नामदेवांनी स्वप्नात येऊन मला कवित्व करायला सांगितले. ज्या इंद्रायणीकाठी ते हे सांगत होते, ती इथून जवळच तुळापूरला भीमेत मिसळते. मिसळली म्हणून तिला कोणी उणे म्हणत नाही.

पण दुसऱ्या बाजूलाही मी सोडणार नाही. कवीचे नाव छाटून कविता व्हॉट्सॲपवर फिरवणारे, शाहिराची चाल उचलून त्याचे नाव गिळणारे, गावच्या कलावंताचे शब्द शहरात स्वतःचे म्हणून खपवणारे, यांना मी प्रेरणा घेणारे मानत नाही. ही चोरी आहे, आणि गरिबाघरची चोरी आहे. कारण त्या कलावंताकडे नावाशिवाय दुसरी मिळकत नसते.

म्हणून माझी एक मागणी आहे. थोड्या वेळाने कविसंमेलन सुरू होईल. इथे उभा राहणारा प्रत्येक कवी आपली कविता वाचण्याआधी एक नाव घेईल: ज्याचे वाचून, ऐकून, पाहून ती सुचली त्याचे. संत असो, शेजारचा भजनी असो, जात्यावरची आजी असो. ज्याला एकही नाव आठवणार नाही, त्याने आज खाली बसून ऐकावे.

राजाने घेतल्याची कबुली दिली. आपण कोण लागून गेलो?