अनुदान म्हणजे कॅशबॅक?

आजचा प्रश्न सरळ आहे. सरकार शेतकऱ्याला पैसे देतं, मग त्यातून शेतीत गुंतवणूक वाढते का? उत्तर : पैसे कसे आणि कधी मिळतात, त्यावर आहे.

पहिला प्रकार, थेट खात्यात. पीएम किसान योजना २०१९ मध्ये सुरू झाली. वर्षाला ६,००० रुपये, २,००० चे तीन हप्ते. २०२३ मध्ये राज्याने नमो शेतकरी योजना आणली, तिचेही तेवढेच. दोन्ही मिळून महिन्याला हजार रुपये. यातून खताची गोणी येते, किराणा भरतो, पेरणीच्या वेळी उसनवारी थोडी कमी होते. घराला टेकू मिळतो, हे खरंच. पण यातून विहीर होत नाही.

दुसरा प्रकार, वस्तूवरचं अनुदान. उदाहरण ठिबकचं. केंद्राच्या योजनेत अल्प आणि अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के, इतरांना ४५. महाराष्ट्रात राज्य भर घालतं आणि ते ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत जातं. ऐकायला भारी! पण टक्के मोजतात सरकारी मापदंडाच्या खर्चावर, दुकानदाराच्या बिलावर नाही. आणि क्रम बघा : महाडीबीटीवर अर्ज, निवड, पूर्वसंमती, मग स्वतःच्या पैशाने खरेदी, शेतात तपासणी, आणि शेवटी खात्यात पैसे.

म्हणजे हे कॅशबॅक झालं. आधी खिशात पैसे हवेत.

आमच्या तीन एकरांवर ठिबक आलं, कारण माझा पगार होता. दीड लाख मी भरले. अनुदान यायला वर्ष उलटलं. मला फरक पडला नाही. बांधाला लागून असलेल्या काकांचीही जमीन तेवढीच, पूर्वसंमतीही आली होती. मुदतीत पैसे जमले नाहीत, अर्ज रद्द. आज माझे वडील उन्हाळ्यात भाजीपाला घेतात, काका पावसाची वाट बघतात. योजना एकच, टक्केही तेच.

म्हणून मला वाटतं, टक्के वाढवण्याआधी वेळ बदलावी. शेतकऱ्याने फक्त स्वतःचा वाटा भरावा, बाकीचे सरकारने थेट विक्रेत्याला द्यावेत. तपासणी मात्र कडक हवी, नाहीतर बिलं फुगतील.

तोवर एक करा. घरी कुणी अर्ज भरत असेल, तर ‘किती टक्के?’ विचारण्याआधी विचारा, ‘अनुदान येईपर्यंत पैसे कुठून आणणार?’

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!